नदीवर नुसतंच जाणारी बाई

खोली दाखवण्याआधी तिनं मला विचारलं, "चालता येते का?"

खामगावहून बुलढाणा, तिथून दुसऱ्या एसटीनं घाट उतरून रोहिणखेडच्या रस्त्याला, आणि शेवटी ट्रंक एका बैलगाडीत टाकून मी त्या गावात पोचले होते. अंगावर धूळ, डोक्यात गाडीचा खडखडाट. मला वाटलं, शाळा लांब असेल म्हणून विचारते आहे.

"येतं की. किती लांब आहे शाळा?"

"शाळा काय, हे इथून दिसून राह्यली." तिनं समोरच्या कौलारू इमारतीकडे हनुवटीनं दाखवलं. "शाळेचं नाई म्हनत मी. नुसतं चालता येते का?"

"नुसतं म्हणजे?"

"नुसतं म्हंजे नुसतं."

मी हो म्हटलं. तिनं कंबरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. खोली कशी आहे, पाणी कुठून येतं, चूल कुठं मांडायची, यातलं काही ती बोलली नाही. जाता जाता वळून एवढंच म्हणाली, "होळी होऊ दे. मंग पाहू."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. जिल्हा परिषदेच्या पाट्यांवरचा रंगही पुरता वाळला नव्हता. त्या गावच्या शाळेत मुली याव्यात म्हणून एक बाई नेमायची ठरलं आणि ती बाई मी निघाले. गावात एकट्या मुलीला राहायला कोण जागा देणार, हा प्रश्न होता. तो गावानं आपल्या परीनं सोडवला होता. जिच्याबद्दल सगळं गाव कुजबुजतं तिच्याच घरी मला ठेवलं की कुजबूज एकाच ठिकाणी राहील, असा त्यामागं हिशेब असावा.

तिला सगळे मोठी माय म्हणत. दिराची मुलं म्हणत, म्हणून गाव म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. उंच, हाडापेरानं मोठी, पन्नाशी ओलांडलेली बाई. धुऊन धुऊन रंग गेलेली लुगडी नेसायची. कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शेतीचं सगळं धाकटा दीर बघायचा. नदीकाठचा एक झाडीचा पट्टा तेवढा नवऱ्यानं तिच्या नावावर करून ठेवलेला होता. बोलणं तुटक. आवाज असा की अंगणातून हाक मारली तर शाळेतल्या पोरी पाटीवरून मान वर करत.

ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण चैत्रात कुठं कडुनिंब मोहरला, त्याचा तो गोडसर, किंचित कडवट वास आला, की मला आजही आधी तिची चाल आठवते. लांब ढांगा, दोन्ही हात मोकळे सोडलेले, मान थोडी वर. नदीवर जाताना ती अशी चालायची. घरात चालताना नाही.

होळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती रोज सकाळी नदीवर जाई. वर्षाचे बाकीचे महिने ती चार बायांसारखी बाई होती. निवडणं, टिपणं, गड्यांवर ओरडणं. होळीची राख थंड झाली की मात्र दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती बाहेर पडायची. दाराला कुलूप नाही, कडी नाही. दार सताड उघडं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मोठी माय, दार?"

"राहू दे. घराले बी हवा लागू दे जराशी."

बाई नदीवर जाते यात गावाला नवल वाटायचं कारण नव्हतं. सगळ्याच बाया जात. कोणी धुणं घेऊन, कोणी घागर घेऊन, कोणी सरपणाला, कोणी काठावरच्या महादेवाला पाणी घालायला. हातात काही असलं की बाईला रस्ता मोकळा असतो. हिच्या हातात काही नसायचं. जाताना काही न्यायची नाही, येताना काही आणायची नाही. तेच गावाला खुपत होतं. पारावरचा एखादा तिला मुद्दाम विचारायचा, "कायले जाता मोठी माय नदीवर?"

"जाले," ती म्हणायची. जायला जाते. आणि पुढं चालू लागायची.

मग गावानं आपली आपण कारणं शोधली होती. कोणी म्हणे नवऱ्यानं काठावर हंडा पुरला आहे, तो ही राखते. कोणी म्हणे काही मंत्रतंत्र करते. शाळेतल्या एका पोरीनं मला कानात सांगितलं, की मोठी माय झाडात बदलते आणि मग परत बाई होते. त्या सगळ्यांत मला हेच कारण जास्त पटण्यासारखं वाटलं.

माझ्या वाट्याला रविवार यायचा. बाकीचे दिवस सकाळची शाळा असे. पहिल्या रविवारी वेशीतून बाहेर पडलो, गायरान ओलांडलं, उतार लागला, आणि एकदम झाडीत शिरलो. बाहेर उन्हाळा सुरू झालेला. गायरानावर गवताची काडी हिरवी नव्हती. इथं आत मात्र करंजांना नवी पानं आली होती, इतकी कोवळी की ऊन त्यांच्यातून आरपार खाली येत होतं आणि खाली येताना हिरवं होत होतं. तिच्या अंगावरचं पांढुरकं लुगडं त्या उजेडात पोपटी दिसू लागलं. नदी बारीक झालेली, दगडांमधून वाट काढत चाललेली. जिथं जागा मिळेल तिथं थांबून डोह करायची, मग पुन्हा निघायची. वाळूवर पिवळा धोतरा फुललेला. कातळाच्या फटीफटींतून धायटीच्या फांद्या वाकलेल्या, लालभडक. पलीकडच्या उतारावर पळस. एकही पान नाही, नुसतं फूल. त्याच्या पाकळ्या वरून कुठून तरी वाहत येत आणि डोहात गोल गोल फिरत राहत. आपण चालतो आहोत की हे सगळं आपल्याजवळून चाललं आहे, हे मला कळेना. पाय आपोआप पडत होते. डोक्यातली शाळा, खामगाव, जिनिंगचे भोंगे, घरी माझ्या लग्नाची चाललेली बोलणी, सगळं एकेक करून मागं राहत गेलं.

मी खाली वाकून एका निळ्या फुलाला हात लावला. "याचं नाव काय?"

"मले काय माहीत?"

"आणि हे जांभळं? काट्याचं?"

"कोनाले माहीत!" ती वैतागली. "नाव ठेवाले का ते माह्या घरी जल्मलं? पाह्य ना नुसतं."

मला खरोखर आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं रोज येणारी बाई, आणि तिला एका फुलाचं नाव येत नव्हतं. तिच्या लेखी ती सगळी 'हे' आणि 'ते' होती. "हे आज नाई आलं." "ते काल होतं, आज गेलं." तोडायची तर मुळीच नाही. आणि फार कौतुक केलेलंही तिला खपत नसे. मी एकदा पांगाऱ्यापुढं उभी राहून "किती सुंदर!" म्हणाले, तर तिनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "मोठ्यानं म्हनू नको वं. त्याले आयकू जाते. मंग ते बावरते."

नावं नव्हती, पण नाती होती. पहिला मोठा करंज ही तिची सासू. त्याच्याजवळून ती घाईनं जायची, जणू आतून हाक येईल आणि काम लागेल. वाकडा पांगारा नणंद. "फुलं पाह्य कशी लाल, अन् हात लावून पाह्य, काटेच काटे. अशीच होती." आणि वळणावर, पाण्यात मुळं सोडून उभा असलेला प्रचंड अर्जुन वृक्ष, त्याची साल पांढरी, गुळगुळीत, एखाद्या म्हाताऱ्याच्या धोतरासारखी. ते मामंजी, म्हणजे सासरे. त्यांच्यासमोरून जाताना ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची, मान खाली घालायची आणि पार झाल्यावर पदर मागं टाकायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. तिनं रागानं बघितलं. दुसऱ्या रविवारी माझाही हात नकळत पदराकडे गेला.

वळणाच्या पुढं बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. का, म्हणून मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. वळणापुढं एक डोह होता. वरच्या कातळावरून पाण्याची बोटभर धार त्यात पडायची. तिथं आम्ही बसायचो. ती पाण्यापासून चार हात लांब, एका ठरलेल्या दगडावर. मी पाय पाण्यात सोडून. किती वेळ बसलो ते सावलीवरून कळायचं, आणि सावली कुठं होती ते मी कधी लक्षात ठेवलं नाही. मग ती उठायची. तेवढंच. एवढ्यासाठी ती रोज यायची.

माझ्या तिसऱ्या वसंतात तिच्या दिरानं नदीकाठच्या त्या पट्ट्याकडे लक्ष वळवलं.

दिराला सगळे बापूसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. वहिनीचं धान्य वेळेवर घरी पोचतं करायचा, शाळेला फळा त्यानंच दिला होता. पण बुलढाण्याला जाऊन त्यानं ऑइल इंजिन पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्यांपुढं संत्र्याची बाग उभी होती. नदीचं पाणी, काठची काळी जमीन, मधली झाडी काढली की झालं. झाडं तोडणारा ठेकेदार पाहूनही गेला. परवानगी मागायला म्हणून बापूसाहेब चार माणसांना घेऊन तिच्या ओसरीवर आला.

ती सूप घेऊन तूर पाखडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मामंजींवर कुऱ्हाड घालता?"

मामंजींना, म्हणजे खऱ्या सासऱ्यांना, जाऊन वीसेक वर्षं झाली होती. तिला काय म्हणायचं होतं ते तिथं फक्त मला कळलं होतं, आणि मी सांगायला लागले तर ते आणखीच विचित्र वाटलं असतं. दुपारपर्यंत ते वाक्य गावभर झालं. बाई बह्याड झाली, असं लोक म्हणू लागले. वऱ्हाडात वेड्याला बह्याड म्हणतात; पण त्या शब्दात थोडी माया, थोडी थट्टाही असते. या वेळी ती नव्हती. बापूसाहेबानं म्हटलं, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या हातात जमीन कशी राहू द्यायची? पंचांनी पाहावं, डॉक्टरांनी तपासावं, मग तहसीलदारापुढं चार शब्द सांगावेत.

त्या रात्री मी तिला म्हटलं, "मोठी माय, थोडे दिवस नदीवर जाऊ नका. वेळ बरी नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बह्याड मीच आहे. "होळी तं होऊन गेली ना वं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असतानाच ते आले. बापूसाहेब, म्हातारे पोलीस पाटील आणि तालुक्याहून आणलेले तरुण डॉक्टर. डॉक्टरांचे बूट चकचकीत होते, हातात काळी बॅग. ओसरीवर त्यांना पाट दिला. दाराबाहेर बायापोरं जमली.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "बाई, तुम्हाला कसले आवाज ऐकू येतात का? कोणी बोलतंय, हाक मारतंय असं?"

"येते नं."

बापूसाहेबानं पोलीस पाटलांकडे पाहिलं.

"आत्ता येतोय आवाज?"

"आत्ता बी."

"काय म्हणतोय?"

"टुक टुक टुक म्हनते. तांबट हाये तो, पिपळावर. तुमाले नाई येत का आयकू?"

सगळ्यांच्या माना पिंपळाकडे वळल्या. तांबट पक्षी सकाळपासून ठोकत होता. तो आत्ता आम्हाला ऐकू आला. डॉक्टरांचे कान लाल झाले. "येतोय," ते म्हणाले. "मलाही येतोय."

"पण नदीवर जाऊन तुम्ही करता काय?" त्यांनी पुढं विचारलं.

"चालते."

"आणि?"

"परत येते."

"मधे काय करता?"

ती उठली. "वसरीवर बसून नदी कशी कळन तुमाले? चला."

आणि मागं न पाहता ती निघालीच. ढांगा टाकत, हात मोकळे. डॉक्टर पाटावरून गडबडीनं उठले. पोलीस पाटलांनी काठी घेतली. बायापोरं वेशीपर्यंत आली आणि पाटलांनी डोळे वटारल्यावर थांबली. पुढं आम्ही पाचच.

गायरानापर्यंत बापूसाहेब बोलत होता. जमीन किती चांगली आहे, इंजिन किती पाणी ओढतं. झाडीत शिरलो तसा त्याचा आवाज उतरला. तिथं मोठ्यानं बोललेलं कोणालाच बरं वाटत नसावं. त्या दिवशी करंजाला फुलं आली होती. बारीक पांढरी-गुलाबी फुलं, सगळ्या वाटेवर लाह्या सांडाव्यात तशी पडलेली, आणि वरून अजून पडत होती. पोलीस पाटलांच्या पागोट्यावर पडली, डॉक्टरांच्या बॅगेवर पडली. डॉक्टर आधी बूट जपत, एकेक दगड निवडत चालत होते. मग एका ठिकाणी चिखलात पाय गेला. ते थांबले, बूट काढले, बॅगेसकट एका दगडावर ठेवले आणि अनवाणी आले. खंड्या पाण्यावरून निळी रेघ मारून गेला.

अर्जुनाजवळ आलो. तिनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली.

"हे पाहा!" बापूसाहेब एकदम म्हणाला. "पाह्यलं ना पाटील? झाडाले पदर घेते!"

पोलीस पाटील मान वर करून त्या झाडाकडे पाहत होते. शेंडा दिसत नव्हता. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "थांब बापू. हे झाड माह्या बापाच्या बी आंधीचं हाये." आणि त्यांनी, कोणाला दिसू नये असा, हात जरासा वर नेऊन रामराम केला.

वळणापुढं कोणीच बोललं नाही, तो नियम त्यांना कोणी सांगितला नसताना. डोहावर पोचलो तेव्हा ऊन पाण्यावर उतरलं होतं आणि समोरच्या कातळावर त्याची जाळी थरथरत होती. ती आपल्या दगडावर बसली. पोलीस पाटील झाडाला टेकले आणि त्यांचे डोळे मिटले. डॉक्टर गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे. कशासाठी आलो ते सगळेच विसरल्यासारखे झालो होतो.

शेवटी डॉक्टरांना आठवलं. हळूच, आधीपेक्षा वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, हे केव्हापासून?"

मला वाटलं ती उत्तर देणार नाही. तिचा तो नियम होता. पण ती बोलली, पाण्याकडे पाहत.

"लगन होऊन आली तवा ह्याच वाटेनं छकडा आला. भोवताल चादर बांधेल. चादरीले बोटाएवढं भोक होतं. त्यातून मले लाल दिसलं. काय लाल ते नाई समजलं. मंग पांढरं दिसलं. मंग वास आला. मंग घर आलं. आमच्या घरच्या बाया तवा उंबऱ्याबाहीर पडत नव्हत्या. पानी गडी आनाचे. पावसाळ्यात पूर आला का रातभर आवाज याचा. मी म्हनाची, एवढी मोठी हाये, एखांद्या दिवशी तं दिसन. तिथून इथं, एका हाकेवर. नाई दिसली. जवानी गेली, नाई दिसली."

डॉक्टर पाण्यातून बाहेर आले आणि खालीच बसले.

"हा तवा एवढासा होता." तिनं दिराकडे न पाहता हात जमिनीपासून वर धरला. "दुपारी नदीवर पोहून याचा. केस ओले. मी भाकरी थापत राहाची अन् इचाराची, काय पाह्यलं रे आज? मंग हा सांगाचा. ताटाएवढं फूल पाह्यलं. हासनारं झाड पाह्यलं. माश्याच्या नाकात नथ पाह्यली. रोज नवं. माही भाकर करपाची, सासू बोलाची. पन याचं सांगनं सरत नसे."

बापूसाहेब दगडावर बसला होता. हातातल्या काडीनं वाळूवर रेघा ओढत होता. ती काडी थांबली.

"मालक गेले. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी उठली अन् आली पाहाले. आता कोन अडवते?" मग ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. चारचौघांत ती त्याला नेहमी भाऊजी म्हणायची, तुमी म्हणायची. "बापू," ती म्हणाली, "तू सांगतलं त्यातलं अर्धं खोटं निघालं रे. पन जे खरं निघालं ना, ते तू सांगतलंच नव्हतं."

कातळावरून पाण्याची धार पडत होती.

"माश्याच्या नाकात नथ?" पोलीस पाटील डोळे न उघडता म्हणाले, आणि त्यांचं पोट हसण्यानं हलू लागलं.

"मले काई आठवत नाई," बापूसाहेब म्हणाला. काडी पुन्हा वाळूवर फिरू लागली. आम्ही उठायला लागल्यावर तो पुटपुटला, "पांढरा मोर खरा होता, वहिनी. म्या पाह्यला होता."

"मंग मले काऊन नाई दिसला?"

तो काडी पाण्यात टाकून उठला.

परत आलो तेव्हा पारावर अख्खं गाव बसलेलं. पोलीस पाटलांना कोणी तरी विचारलं, "काय करते मोठी माय तिथं?"

"चालते," पाटील म्हणाले. "परत येते." आणि घरी जेवायला गेले.

डॉक्टरांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता, केसांत करंजाची फुलं. लोकांनी त्यांना घेरलं. सांगा डॉक्टरसाहेब, बह्याड हाये का नाई? डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "तपासणी पुरी झाली नाही. पुढच्या रविवारी परत यावं लागेल." पुढच्या रविवारी ते सायकलवरून आले तेव्हा मागं कॅरियरवर त्यांची नवी बायको बसलेली होती. तपासणी त्याही रविवारी पुरी झाली नाही.

ठेकेदार एकदा बापूसाहेबाला भेटला आणि परत आलाच नाही. इंजिन आलं, पण ते वरच्या अंगाला, विहिरीवरच्या वावरात बसलं. बापूसाहेबानं याबद्दल चकार शब्द काढला नाही. मोठी मायनंही विचारलं नाही. दोघांचं बोलणंच बंद होतं. धान्य यायचं, ते गडी आणून टाकायचा. मला वाटलं, हे असंच राहणार. झाडं वाचली, पण माणूस तुटला. तीही त्या दिवसांत नदीवरून लवकर परत यायची. एकदा तर मी संध्याकाळी बाहेरून आले तेव्हा ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात चुलीपुढं नुसती बसलेली होती, चूल न पेटवता. मी दिवा लावला. "मी बोलाले नको होतं वं," ती म्हणाली. "त्याचं लहानपन त्याचं होतं. मी पंचापुढं मांडलं."

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी बापूसाहेब आला. ओसरीच्या कडेला, परका माणूस बसतो तसा बसला. तिनं चहा आणून पुढं ठेवला. त्यानं बशीत ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली.

"वहिनी," तो म्हणाला, "तिकडल्या काठाले गेली का कधी?"

"नाई बापा. मधात पानी हाये. मले भेव लागते पान्याचं."

मला तेव्हा कळलं, इतक्या वर्षांत तिनं नदीत पाऊल घातलं नव्हतं.

"आता उतरलं हाये पानी. डोहाच्या खालच्या अंगाले दगड हायेत. मले माहीत हाये कोनता हालते अन् कोनता नाई." तो उठला, टोपी नीट केली. "उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी सण होता. गावात माहेरवाशिणी आलेल्या, झाडाझाडाला झोके बांधलेले. आम्ही तिघं नदीवर गेलो. तिनं लुगड्याचा काठ पिंढऱ्यांपर्यंत वर खोचला. तो पुढं, पायानं दगड चाचपत, एक हात मागं तिच्याकडे करून. ती त्याच्या मनगटाला घट्ट धरून, डोळे मिटून, "अरे बापा, अरे बापा" करत. मधे एका ठिकाणी तिचा पाय घसरला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. मी ओरडले. ती ओरडली नाही. तशीच उभी राहिली, पाणी तिच्या भोवतीनं फुटून पुढं जात होतं, आणि ती खाली बघत होती. "थंडं हाये रे," ती नवलानं म्हणाली. "हे आतून थंडं हाये."

पलीकडं पोचलो. विशेष काही नव्हतं तिथं. तसेच करंज, तसलेच दगड, एक बाभूळ, गुराखी बसतात तिथली राख. ताटाएवढं फूल नाही, मोर नाही. बापूसाहेब ओशाळला. इतकं आणून दाखवायला काही नाही, म्हणून तो इकडं तिकडं बघू लागला.

ती मात्र पाठमोरी झाली होती. ओलं लुगडं पिळायचंही विसरून, कपाळावर आडवा हात धरून, आलो त्या काठाकडे पाहत होती. तिकडं झाडीच्या खालून एक पायवाट गेली होती. ऊनसावलीतून, पांढऱ्या फुलांच्या सड्यावरून, पाण्याला धरून, वळणावरच्या त्या मोठ्या झाडामागं जाऊन नाहीशी होणारी. रोज तीच ज्या वाटेनं चालत आली होती, ती वाट तिनं बाहेरून कधी पाहिली नव्हती.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी तिथून जाते?"